न वितळवता धातू अस्फटिक कसा होतो, आणि ४४.५ अंशांवरचं टोक कुणाचं?

प्रश्न असा आहे. गोव्यातल्या एका महाविद्यालयात पदव्युत्तर प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थिनीने निकेल आणि झिरकोनियमची पूड, अणूंच्या हिशेबात निम्मी-निम्मी, प्लॅनेटरी बॉल मिलमध्ये (फिरत्या जारमध्ये गोळ्यांच्या आघाताने दळणाऱ्या यंत्रात) २० तास दळली. गोळे आणि जार कडक केलेल्या पोलादाचे, वेग ३०० आरपीएम (मिनिटाला फेरे). एक्सआरडीत (नमुन्यावरून क्ष-किरण कोणत्या कोनांत परततात याच्या आलेखात) धातूंची नेहमीची धारदार टोकं जवळजवळ गेली आणि ४० अंशांच्या आसपास एक रुंद उंचवटा आला. पण ४४.५ अंशांवर एक बारीक टोक जात नाही. तिला विचारायचं आहे की वितळवल्याशिवाय धातू काचेसारखा होतोच कसा, आपला नमुना अस्फटिक (अणूंची नियमित रांग नसलेला) झाला असं लिहिता येईल का, आणि मार्गदर्शक म्हणतात तसं ६० तासांपर्यंत दळत राहावं का. शिवाय पुढच्या टप्प्यात हीच पद्धत तांबे-टंगस्टनवर वापरायची तिची इच्छा आहे.

पूड धातुशास्त्रात माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि हा विषय मला आजही तितकाच खेचतो, म्हणून उत्तर लांबणार आहे. घाईत असाल तर एवढं धरा: नमुन्याचा मोठा भाग अस्फटिक झाला असण्याची शक्यता चांगली आहे, पण फक्त एक्सआरडीवर तसं लिहू नका. आणि ते टोक कुणाचं हे कळल्याशिवाय मिल पुन्हा सुरू करू नका.

धातूंचे अणू रांगेत बसायला फार उतावीळ असतात. वितळलेला धातू थंड होताना त्यांना क्षणभर सवड मिळाली तरी स्फटिक तयार होतो. म्हणूनच १९६० पर्यंत धातूची काच ही जवळपास अशक्य गोष्ट मानली जायची. त्या वर्षी कॅल्टेकमध्ये पोल दुवेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोनं-सिलिकॉनचा वितळलेला थेंब थंड पृष्ठभागावर इतक्या वेगाने आपटवला, की सेकंदाला सुमारे दहा लाख अंश या गतीने तो गोठला आणि अणूंना रांग लावायला वेळच उरला नाही. आज काही वितरण ट्रान्सफॉर्मरांच्या गाभ्यात अस्फटिक लोह-मिश्रधातूची पट्टी असते, ती याच वाटेने बनते. तिची जाडी साधारण २५ मायक्रॉन, कारण त्याहून फार जाड केली तर आतला भाग पुरेसा लवकर थंड होत नाही.

मिलची वाट याच्या अगदी उलट्या दिशेने येते. इथे द्रव नाहीच. स्फटिकापासून सुरुवात करायची, आणि त्याला इतकं बिघडवायचं की स्फटिक राहणंच त्याला परवडू नये. यंत्र मूळचं या कामासाठी नव्हतं. १९६० च्या दशकात इंटरनॅशनल निकेल कंपनीत जॉन बेंजामिन यांनी मेकॅनिकल अलॉयिंगची, म्हणजे दळून मिश्रधातू बनवण्याची, पद्धत बसवली ती जेट इंजिनात लागणाऱ्या निकेल-मिश्रधातूंमध्ये ऑक्साइडचे सूक्ष्म कण सारखे पसरावेत म्हणून. १९८१ मध्ये येर्माकोव्ह आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की यिट्रियम-कोबाल्टची संयुगं नुसती दळली तरी अस्फटिक होतात. १९८३ मध्ये कार्ल कॉख आणि सहकाऱ्यांनी निकेल आणि निओबियमच्या वेगवेगळ्या पुडी ६०:४० प्रमाणात एकत्र दळून अस्फटिक मिश्रधातू मिळवला. त्याच वर्षी श्वार्ट्झ आणि जॉन्सन यांनी सोनं आणि लँथॅनम यांचे पातळ थर एकावर एक ठेवून नुसते मंद तापवले आणि तेही घन अवस्थेतच अस्फटिक झाले. तिथे मिल नव्हती, गोळे नव्हते. या प्रयोगाकडे मी पुन्हा येईन, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाची किल्ली तिथेच आहे.

आधी जारच्या आत बघू. गोव्यात डिचोली, सांगे भागात ज्यांचा खाणींशी संबंध आला त्यांना बॉल मिल म्हटलं की लोहखनिज दळणारा मोठा ढोल आठवतो. तिथे हेमॅटाइट आणि गारगोटी दोन्ही ठिसूळ; गोळा पडला की तुटायचं, आणखी बारीक व्हायचं, संपलं. निकेल तसं तुटत नाही, ते चेपतं. १० मिलिमीटरचा पोलादी गोळा साधारण चार ग्रॅमचा. असे दोन गोळे आपटतात तेव्हा मध्ये पुडीची चिमूट सापडते, सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही खूप कमी वेळात कण पत्र्यासारखे सपाट होतात, त्यांच्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा फाटतो आणि नवा, उघडा धातू नव्या धातूला थंडपणीच चिकटतो. पुढच्या आघातात तो जोड दुमडतो, कडक होतो, कुठेतरी तडकतो, पुन्हा तिसऱ्याच तुकड्याला चिकटतो. चवथीला चिरोटे करताना पोळ्या एकावर एक ठेवून, गुंडाळून, पुन्हा लाटत गेलं की पदर पातळ आणि असंख्य होत जातात, तसे निकेल आणि झिरकोनियमचे थर एकेका कणात रचले जातात. दळणाच्या पहिल्या टप्प्यातला कण कापून, पॉलिश करून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर हे पट्टे स्पष्ट दिसतात: झिरकोनियमचे उजळ, निकेलचे काळपट. काही तासांनी तेच पट्टे इतके बारीक होतात की वेगळे ओळखू येत नाहीत. तुमच्याकडे ५ तासांचा नमुना राखून ठेवलेला असेल तर त्याचं असं चित्र जरूर काढा. प्रबंधात दहा आलेखांपेक्षा ते जास्त सांगेल.

म्हणजे पुडीचा कण बाहेरून फारसा बारीक होतोच असं नाही, कधी उलट मोठाही होतो. बारीक होते ती आतली रचना. थरांची जाडी नॅनोमीटरमध्ये येते, दोन धातूंमधल्या सीमेचं क्षेत्रफळ प्रचंड वाढतं, आणि प्रत्येक थरात विस्थापन-दोषांची (अणूंच्या रांगांमधल्या चुकांची) गर्दी होते.

आता सोनं-लँथॅनमचा तो प्रयोग. दोन धातूंना एकमेकांत मिसळायची ओढ असते का, हे मिश्रणाच्या उष्णतेवरून कळतं. निकेल-झिरकोनियमसाठी ती मोलमागे सुमारे उणे ४९ किलोज्यूल आहे. निकेल-टायटॅनियमची उणे ३५, निकेल-निओबियमची उणे ३०, तांबे-झिरकोनियमची उणे २३. उणे आकडा जितका मोठा तितकी मिसळण्याची ओढ जास्त. ऊर्जेची सगळ्यात खालची पायरी अर्थातच स्फटिकी आंतरधातू संयुगाची (ज्यात दोन्ही धातूंचे अणू ठरलेल्या जागी बसतात). पण अस्फटिक मिश्रणही वेगवेगळ्या पडलेल्या दोन धातूंपेक्षा बरंच खाली असतं. म्हणजे शुद्ध थरांपासून निघालं तर दोन्हीकडे उतारच आहे: संयुगाकडे जास्त, अस्फटिकाकडे थोडा कमी.

मग निसर्ग अधिक खोल पायरी सोडून अस्फटिकावर का थांबतो? कारण संयुग बांधायला दोन्ही धातूंच्या अणूंना हलावं लागतं. प्रत्येकाने ठरलेल्या जागी जाऊन बसायचं असतं. झिरकोनियमच्या अणूची त्रिज्या सुमारे ०.१६ नॅनोमीटर, निकेलची ०.१२५. लहान निकेल झिरकोनियमच्या जाळीतून विलक्षण वेगाने सरकतं, इतर मोठ्या अणूंच्या कित्येक पट. झिरकोनियम मात्र त्या तापमानाला जागचं हलत नाही. एकजण घरभर फिरतोय आणि दुसरा जागेवरच, अशा स्थितीत दोघांची शिस्तबद्ध रचना उभी राहू शकत नाही. निकेल झिरकोनियममध्ये घुसत राहतं, जाळी ताणली जाते, फुगते, आणि एका मर्यादेपलीकडे तिला स्फटिक म्हणून टिकता येत नाही. जो थर तयार होतो तो अस्फटिक असतो.

मिसळण्याची तीव्र ओढ आणि दोन धातूंच्या चालीतली मोठी विषमता, या दोन्ही अटी एकत्र याव्या लागतात. एकच असून भागत नाही.

थरांच्या प्रयोगांतून आणखी एक आकडा मिळतो, तो दळणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा. निकेल आणि झिरकोनियमचे थर साधारण ३०० अंशांच्या आसपास तापवले की मध्ये अस्फटिक थर वाढत जातो, पण तो सुमारे १०० नॅनोमीटर झाला की तिथे स्फटिकी संयुग उगवायला लागतं. आता मिलचा फायदा बघा. दळताना थर आधीच १०० नॅनोमीटरच्या खाली गेलेले असतात, म्हणून सगळा माल अस्फटिक होऊन संपतो आणि संयुग उगवण्याइतकी जाडी कधी येतच नाही. शिवाय प्रत्येक आघाताने नवी सीमा उघडते आणि दोषांमधून अणूंना जवळच्या वाटा मिळतात, त्यामुळे ३०० अंशांची गरजही पडत नाही.

सुरुवातीच्या काळात काही जणांचं म्हणणं होतं की गोळ्यांच्या आघाताने कण क्षणभर वितळत असावा आणि बाजूच्या थंड धातूमुळे लगेच गोठत असावा, म्हणजे दुवेझ यांचीच गोष्ट सूक्ष्म प्रमाणात. मला हे पटत नाही, आणि आज या क्षेत्रात बहुतेकांना पटत नाही. आघाताच्या जागी होणारी तापमानवाढ मोजली किंवा हिशेबाने काढली तर ती या धातूंच्या वितळणबिंदूच्या खूप खाली येते. दुसरं कारण मला जास्त वजनदार वाटतं: द्रवापासून काच सहज मिळते ती जिथे वितळणबिंदू खोल खाली जातो त्या प्रमाणांच्या जवळ, तर मिलमध्ये अस्फटिक पट्टा निम्म्या-निम्म्या प्रमाणाभोवती रुंद पसरलेला असतो. वितळून गोठत असतं तर दोन्ही पट्टे एकाच ठिकाणी पडायला हवे होते.

येर्माकोव्ह यांचा मार्ग मात्र वेगळा आहे, आणि परीक्षक हा प्रश्न हमखास विचारतात. तयार संयुगच दळलं तर ते आधीच सगळ्यात खालच्या पायरीवर असतं, मिसळण्याची ओढ तिथे कामाची नाही. तिथे उलट चढ चढावा लागतो आणि ऊर्जा मिलकडून येते. सुव्यवस्थित जाळीत चुकीच्या जागी चुकीचे अणू बसतात, आतले स्फटिक-कण नॅनोमीटरवर येतात, त्यांच्यामधल्या सीमांची ऊर्जा साठत जाते. हा साठा अस्फटिकाच्या पायरीपेक्षा वर गेला की स्फटिक कोसळतो. शुद्ध धातूंमध्ये एवढा साठा सहसा होत नाही: कण काही नॅनोमीटर ते वीस-पंचवीस नॅनोमीटरवर येऊन थांबतात आणि धातू स्फटिकीच राहतो. सिलिकॉनसारखा, दिशा धरून बंध बांधणारा पदार्थ मात्र शुद्ध असूनही दळल्यावर अंशतः अस्फटिक होतो. तुम्ही मूलद्रव्यांच्या पुडीपासून सुरुवात केली आहे, त्यामुळे तुमच्याकडे मुख्य काम पहिल्या मार्गाने झालं आहे असं लिहिलं तर चालेल.

आता टोकाकडे. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

४४.५ अंश म्हणजे, तांब्याच्या के-अल्फा किरणांनी (एक्सआरडीतल्या नेहमीच्या क्ष-किरणांनी) घेतलेल्या आलेखात, निकेलचं सगळ्यात तीव्र टोक. म्हणून तुम्ही आणि मार्गदर्शक दोघांनीही उरलेलं निकेल असा अर्थ लावला आणि आणखी दळायचं ठरवलं. तर्क सरळ आहे. पण लोखंडाचं सगळ्यात तीव्र टोक ४४.७ अंशांवर येतं, आणि तुमचे गोळे आणि जार पोलादाचे आहेत. नॅनोमीटर कणांमुळे टोक रुंदावलेलं असताना ०.२ अंशांचा फरक डोळ्यांनी ओळखता येत नाही. नमुना होल्डरमध्ये किंचित वर-खाली बसला तरी तेवढा सरकतो. टोक निकेलचं असेल तर दळण अपुरं आहे. लोखंडाचं असेल तर दळण जास्त झालंय आणि पुढचे ४० तास माल बिघडवण्यात जातील. दोन अर्थ एकमेकांच्या विरुद्ध दिशेला नेतात, म्हणून हे आधी सोडवायलाच हवं.

कसं सोडवायचं? निकेलचं दुसरं टोक ५१.८ अंशांवर असतं, लोखंडाचं ६५ वर. स्कॅन ३० ते ९० अंशांपर्यंत घ्या आणि या दोन जागांवर प्रत्येक पायरीला नेहमीच्या कित्येक पट वेळ द्या, कारण ही दुय्यम टोकं मुळातच दुबळी असतात आणि घाईच्या स्कॅनमध्ये पार्श्वभूमीत बुडतात. सोबत ईडीएसने (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या, मूलद्रव्यं मोजणाऱ्या उपकरणाने) लोखंड मोजा. एका ठिकाणी नाही, वेगवेगळ्या कणांवर, आणि शक्यतो कापून पॉलिश केलेल्या कणांच्या आत. ईडीएसमध्ये लोखंड दिसलं नाही तर प्रश्न जवळपास सुटला. दिसलं तर लक्षात ठेवा की वजनाने २ टक्के लोखंड म्हणजे अणूंच्या हिशेबात तुमच्या मिश्रधातूत सुमारे २.७ टक्के. ते बहुधा अस्फटिक भागात विरघळून बसतं, त्यामुळे लोखंडाचं टोक नाही म्हणून लोखंडच नाही असाही निष्कर्ष काढू नका.

तिसरी वाट चुंबकत्वाची. निकेलचं चुंबकत्व साधारण ३५८ अंश सेल्सिअसला जातं, लोखंडाचं ७७० ला. चुंबक लावून थर्मोग्रॅव्हिमेट्री (नमुना तापवत त्याचं वजन मोजणं) करण्याची सोय मिळाली तर वजनात उडी ३५८ च्या आसपास दिसते का, एवढंच बघायचं. तुमचा अस्फटिक भाग त्याच्याही वर स्फटिक होणार असल्याने हे मोजमाप त्याआधी उरकतं. मला ही चाचणी फार आवडते, कारण त्यात अर्थ लावायला जागा कमी असते. फक्त एक काळजी: झिरकोनियम विरघळलेल्या निकेलचं हे तापमान खाली सरकतं, तेव्हा उडी ३५८ च्या थोडी आधी आणि पसरट आली तरी ती निकेलच्याच बाजूची समजा.

टोक निकेलचंच निघालं तर बहुतेकदा कारण साधं असतं: जारच्या तळाच्या कोपऱ्यात पूड चिकटून बसते, तिथे गोळा पोचत नाही, आणि ती पूड शेवटी खरवडताना नमुन्यात येते. अशा वेळी तास वाढवण्याआधी ग्लव्ह बॉक्समध्ये (हातमोजे बसवलेल्या, आर्गॉन भरलेल्या बंद पेटीत) जार उघडा, कोपरे आणि भिंती खरवडून पूड मोकळी करा, आणि थोडंच पुढे दळा. खरवडलेली पूड आणि मोकळी पूड यांचं एक्सआरडी वेगवेगळं घेतलं तर उत्तर तिथेच मिळेल.

उंचवट्याबद्दल. ४० अंशांवरच्या उंचवट्याची निम्म्या उंचीवरची रुंदी ५ अंश असेल तर टोकाच्या रुंदीवरून स्फटिकाचा आकार काढणाऱ्या शेररच्या सूत्राने आकार निघतो सुमारे १.७ नॅनोमीटर, म्हणजे जेमतेम चार-सहा अणूंची रांग. त्याला स्फटिक म्हणण्यात अर्थ उरत नाही. रुंदी १ अंश असेल तर आकार साडेआठ नॅनोमीटरच्या आसपास येतो आणि तो नमुना अस्फटिक नसून नॅनोस्फटिकी (अतिसूक्ष्म स्फटिकांचा) आहे. तुम्ही रुंदी कळवलेली नाही, ती मोजा. पण २ ते ३ नॅनोमीटरचे स्फटिक आणि खरी अस्फटिक रचना यांचे एक्सआरडी आलेख इतके सारखे दिसतात की केवळ त्यावरून भांडण मिटत नाही. या क्षेत्रात अस्फटिक म्हणून जाहीर झालेले काही नमुने नंतर नॅनोस्फटिकी निघाले ते याच कारणाने.

भांडण मिटवतं डीएससी, म्हणजे नमुना तापवताना घेतली किंवा सोडली जाणारी उष्णता मोजणारं तंत्र. खरा अस्फटिक नमुना तापवत नेला की एका ठरावीक तापमानाला अचानक स्फटिक होतो आणि उष्णतेचं नेटकं, टोकदार शिखर देतो. तुमच्या प्रमाणात ते साधारण ५०० अंशांच्या आसपास अपेक्षित धरा, दर मिनिटाला २० अंश या गतीने. नॅनोस्फटिकी नमुन्यात कण हळूहळू वाढतात, उष्णता खालच्या तापमानापासून पसरून बाहेर येते, टोक येत नाही. याहूनही निर्णायक चाचणी स्थिर तापमानाची. शिखराच्या थोडं खालचं तापमान धरून थांबायचं. अस्फटिक पदार्थात नव्याने अंकुर फुटावे लागतात, म्हणून संकेत आधी शांत राहतो, मग वाढतो, मग ओसरतो. आधीच स्फटिक असतील तर ते पहिल्या क्षणापासून वाढतात आणि संकेत फक्त उतरत जातो. चेन आणि स्पेपन यांनी १९८८ मध्ये हाच फरक वापरून दाखवलं की अस्फटिक समजले जाणारे ॲल्युमिनियमचे काही मिश्रधातू प्रत्यक्षात अतिसूक्ष्म कणांचे होते. डीएससीनंतर उरलेल्या नमुन्याचं पुन्हा एक्सआरडी घ्या. त्यात निकेल-झिरकोनियमची संयुगं धारदार उभी राहिली तर तुमचा पुरावा पूर्ण होतो, आणि आधी निकेल खरोखर विरघळलं होतं हेही सिद्ध होतं. टीईएम (नमुन्याच्या आरपार बघणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) मिळालं तर उत्तमच, पण त्यासाठी सहा महिने नंबर लावून थांबू नका.

६० तास? माझं मत नाही असं आहे. जास्त दळलं की जास्त अस्फटिक, असं समीकरण नसतं. प्रत्येक मिलमध्ये, प्रत्येक वेगाला, बिघडवण्याचा वेग आणि तापमानामुळे होणारी सुधारणा यांचा एक तोल बसतो आणि नमुना त्या तोलावर येऊन थांबतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत बी. एस. मूर्ती, मोहन राव आणि एस. रंगनाथन यांनी टायटॅनियमच्या मिश्रधातूंसाठी दळणाचे नकाशे काढले, १९९५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्यांचं म्हणणं असं की आघाताची ऊर्जा आणि एकूण ऊर्जा दोन्ही ठरावीक पट्ट्यात असतील तरच माल अस्फटिक होतो. कमी पडली तर होत नाही, जास्त झाली तरी संयुग उगवतं. ट्रान्सफॉर्मरच्या पट्टीसारखे तयार अस्फटिक लोह-मिश्रधातू मिलमध्ये घातले तर ते दळताना स्फटिक होऊ शकतात. कोबाल्ट-टायटॅनियमच्या ७५:२५ मिश्रणात तर दळत राहिल्यावर अस्फटिक, पुन्हा स्फटिक, पुन्हा अस्फटिक असे फेरे नोंदले गेले आहेत. म्हणून ६० तास एकदम लावू नका. २० वरून २५, मग ३०, आणि दर वेळी अर्धा ग्रॅमच्या आत नमुना.

आणि गोव्याचा विचार करा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथल्या हवेतली आर्द्रता सहज ८०-९० टक्क्यांवर असते. ताजं फुटलेलं झिरकोनियम ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन सगळं शोषून घेतं. जारचं रबरी गॅस्केट थोडं जरी कडक झालं असेल तर लांब दळणात हवा आत जाते, आणि मग ३३.९ आणि ३९.३ अंशांच्या आसपास झिरकोनियम नायट्राइडची टोकं येतात. ती पाहून नवीन प्रावस्था (नवी रचना असलेला पदार्थ) सापडली असं समजून लिहिलेले प्रबंध मी वाचले आहेत. चिकटू नये म्हणून घातलेलं स्टिअरिक ॲसिड किंवा टोल्यूइनही निर्दोष नाही: त्यातला हायड्रोजन झिरकोनियममध्ये जाऊन हायड्राइड होतं, टोक ३२.५ च्या जवळ. तुमच्या आलेखात ३२ ते ४० अंशांचा भाग नीट पाहा, उंचवट्याच्या अंगावर काही लहान खांदा आहे का. पावसाळ्यात दळण करायचंच असेल तर गॅस्केट नवं, जार ग्लव्ह बॉक्समध्येच भरलेला आणि तिथेच उघडलेला, आर्गॉन उच्च शुद्धतेचा, आणि १५ मिनिटं दळून १५ मिनिटं विश्रांती. वीज जाऊन मिल मध्येच थांबली तर वहीत वेळ लिहा. जार तापलेला असताना थांबणं आणि थंड असताना पुन्हा सुरू होणं, दोन्हींचा परिणाम दिसतो.

सुरक्षिततेबद्दल थोडंच, पण हे पाळाच. बारीक झिरकोनियम पूड हवा लागताच पेट घेऊ शकते. जार पूर्ण थंड झाल्यावरच, आर्गॉनमध्येच उघडायचा, आणि बाहेर काढण्याआधी ग्लव्ह बॉक्समध्ये अगदी थोडी हवा सोडून पूड हळूहळू शांत होऊ द्यायची. आग लागलीच तर पाणी नाही, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडरही नाही. धातूच्या आगीसाठीची पूड किंवा पूर्ण कोरडी वाळू. वाळू समुद्रावरून उचलून आणलेली नको, ओव्हनमध्ये वाळवलेली आणि झाकून ठेवलेली हवी. प्रयोगशाळेत एकट्याने जार उघडू नका.

तांबे-टंगस्टनबद्दल तुम्ही उत्साहाने लिहिलं आहे, तरीही मी तुम्हाला थांबवतो. त्या जोडीची मिश्रणाची उष्णता मोलमागे अधिक २२ किलोज्यूल आहे, म्हणजे दोघांना एकमेकांत जायचंच नाही. दळून त्यांचे कण अतिशय बारीक आणि गुंतलेले होतात, उंचवटाही येऊ शकतो, आणि अस्फटिक म्हणून त्याची घोषणा करण्याचा मोह होतो. पण तिथला प्रत्येक दावा वादात आहे आणि पदव्युत्तर प्रकल्पाच्या वेळात तो वाद तुम्ही मिटवू शकणार नाही. त्याऐवजी तांबे-झिरकोनियम घ्या. उणे २३ ची ओढ निकेलपेक्षा कमी आहे, त्यामुळे तेच जार, तेच गोळे, तोच वेग ठेवून अस्फटिक व्हायला लागणारा वेळ दोन्हींत किती वेगळा येतो हे मोजता येईल. आणि तांब्याचं मुख्य टोक ४३.३ अंशांवर असतं, लोखंडापासून पुरेसं दूर, म्हणजे उरलेलं टोक कुणाचं हा प्रश्न त्या आलेखात तुम्हाला पडणार नाही.